बग्गीच्या वाटेवर सायकल

गेल्या अंकात अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अकेडिया नॅशनल पार्कविषयी मी जाता जाता लिहिलं होतं. माउंट डेझर्ट बेटावर डोंगर आणि तळ्यांच्या मधून सुमारे ७२ किलोमीटरचे खडीचे रस्ते फिरतात. त्यांना कॅरेज रोड म्हणतात. मोटारींना तिथे मज्जाव आहे. चालणारे, घोडे, बग्ग्या आणि सायकली यांना परवानगी आहे. एवढ्यावरून बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेते.

*मी ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. सप्टेंबरात मुलीकडे बॉस्टनला जाणार आहे. कॉलेजात असताना पुण्यात रोज सायकल चालवायचे, लग्नानंतर सुटली. डावा गुडघा कुरकुरतो. जावई म्हणतात, ‘आई, गाडीने कॅडिलॅक डोंगरावर जाऊन सूर्योदय बघू, झालं अकेडिया.’ मला मात्र सायकल चालवायची आहे. जमेल, की हसं होईल? – एक वाचक, नाशिक*

जमेल. आणि हसणार कोण? त्या रस्त्यांवर तुमच्या वयाच्या आणि तुमच्याहून मोठ्या बायका भरपूर दिसतात, हेल्मेटखालून पांढऱ्या बटा बाहेर आलेल्या. दुसऱ्याकडे बघायला त्यांना सवड नसते.

जावयांना नाही म्हणू नका. कॅडिलॅक ४६६ मीटर उंच आहे, वरून बेट आणि समुद्र दोन्ही दिसतात. मोसमात वर गाडी न्यायची तर आधी ऑनलाइन वेळ राखून ठेवावी लागते आणि पहाटे वर माणसांची दाटी असते. तो दिवस त्यांचा. पुढचे दोन दिवस मात्र तुम्ही मागून घ्या. बॉस्टनहून बार हार्बर गाव साधारण साडेचारशे किलोमीटर, गाडीने पाच तास. एका दिवसात जाऊन येऊ म्हणणाऱ्याला एकट्याला जाऊ द्या.

निघण्याआधी महिनाभर नाशिकलाच कुणाची तरी सायकल मागून घ्या. गंगापूर रोडवर नको, कॉलनीतल्या रिकाम्या गल्लीत, सकाळी सहाला. तोल शरीर विसरत नाही. सराव लागतो तो थांबण्याचा आणि उतरण्याचा, तेवढाच करा. ओढणी घरी राहू दे आणि सलवारीचा उजवा पायचा क्लिपने आवळून घ्या, कारण साखळी त्या बाजूला असते.

सायकल बार हार्बरमध्ये भाड्याने मिळते. दुकानात बारीक टायरची रोड बाईक दाखवली तर नको म्हणा. हायब्रिड किंवा साधी माउंटन बाईक घ्या, टायर रुंद, मधली दांडी खाली उतरलेली, म्हणजे पाय मागून फिरवून टाकावा लागत नाही. सीटची उंची दुकानदाराकडूनच बसवून घ्या. पायडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला हवा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घेतात, आणि मग दोष वयाला देतात. गिअरचं शास्त्र एका वाक्याचं आहे: चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाकायचा, चढावर जोर लावत असताना नाही.

ब्रेककडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्या सायकलीला उजव्या मुठीत पुढचा ब्रेक असतो, अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या मुठीत. पुण्यात चार वर्षं मुरलेली सवय घाबरल्या क्षणी बरोबर जागी होते. त्यामुळे दुकानासमोर दहा-बारा वेळा चालवा-थांबवा करून घ्या. दोन्ही ब्रेक एकदम, हलके दाबायचे. आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं.

गुडघा फारच बोलत असेल तर ई-बाईक घ्या. त्यात काही कमीपणा नाही. पण कॅरेज रोडवर फक्त ‘क्लास १’ चालते: पायडल मारलं तरच मदत करणारी, ताशी वीस मैलांना मदत थांबवणारी. अंगठ्याने थ्रॉटल दाबून पळणारी चालत नाही. दुकानदाराला हे स्पष्ट विचारा.

आता वाट. पार्कच्या हल्स कोव्ह केंद्रापासून सुरुवात करू नका. तिथून वर जोडणारा तुकडा चांगला उभा आहे आणि पहिल्याच अर्ध्या तासात माणूस खचतो. उन्हाळ्यात बार हार्बरच्या व्हिलेज ग्रीन मैदानापासून ईगल लेकपर्यंत सायकलीसकट नेणारी फुकट बस असते, ‘बायसिकल एक्सप्रेस’. सप्टेंबरात ती सहसा चालू असते, यंदाच्या तारखा तेवढ्या मुलीला बघायला सांगा. ती घेतलीत की गाव ते तळं हा मोटारींच्या रस्त्यावरचा चढही वाचतो.

ईगल लेकला पूर्ण फेरा साधारण दहा किलोमीटरचा आहे, पण पहिल्या दिवशी तो करू नका. पश्चिमेच्या बाजूला लांबलचक चढ आहे. पूर्वेच्या किनाऱ्याने जा. डाव्या हाताला झाडी, उजव्या हाताला पाणी, तीनेक किलोमीटरवर बबल पाँड. हे छोटं तळं दोन डोंगरांच्या मधे चिंचोळं पडलंय, एका अंगाला कॅडिलॅक, दुसऱ्या अंगाला पेमेटिक. कॅरेज रोड पेमेटिकच्या पायथ्याने पाण्याला लागून जातो. तिथे सायकल टेकवा, बसा, पाणी प्या, आल्या वाटेने परत फिरा. एवढं झालं की दुसऱ्या दिवशी काय करायचं ते गुडघाच सांगेल. तो हो म्हणाला तर ईगल लेकचा फेरा. नाही म्हणाला तर वाइल्डवुड तबेल्यातून बग्गी मिळते, त्याच रस्त्यांवर बसून फिरा. तिकीट आधी काढावं लागतं.

दोन कोरड्या गोष्टी. पार्कचा प्रवेश सशुल्क आहे आणि २०२६पासून अकेडियासह काही पार्कांत परदेशी पाहुण्यांना जास्त रक्कम पडते, तेव्हा बजेटमध्ये धरा. आणि प्रवास विम्यात सायकलवरून पडणं धरलंय का, ते पॉलिसी घेतानाच वाचा. अमेरिकेत मनगट मोडणं महागात जातं.

*काकू, माझ्याकडे ग्रॅव्हल बाईक आहे, माळशेज आणि कसारा दोन्ही केलेत. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला कामासाठी जातोय, शनिवार-रविवार जोडून अकेडिया करणार. सगळे ४५ मैल एका दिवसात, सरासरी पंचवीसच्या वर ठेवून, जमतील ना? – एक वाचक, ठाणे*

पाय जमवतील रे. पण कुठल्या रस्त्यावर काय करतोयस ते बघ.

सलग ७२ किलोमीटरची एक रेघ तिथे नाही, फेऱ्यांचं जाळं आहे. सगळे तुकडे पकडायचे तर काही दोनदा करावे लागतात, म्हणजे अंतर वाढतं. त्यात दक्षिणेकडचे काही कॅरेज रोड खासगी जमिनीवर आहेत, तिथे सायकल चालत नाही. पाटी दिसली की वळायचं. डोंगरातल्या पाऊलवाटांवरही सायकल बंद, उतरून हातात धरून न्यायलाही नाही.

वेगाची मर्यादा ताशी वीस मैल, म्हणजे बत्तीस किलोमीटर. तू उतारावर ती कधी ओलांडलीस ते तुला कळणारही नाही. तुम्हा पोरांना वाटतं की मोटार नाही म्हणजे रान मोकळं. उलट आहे. मोटार नसलेल्या रस्त्यावर सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात धोकादायक वस्तू तू असतोस. माळशेजला तू ट्रकला जे म्हणतोस, ते इथे सात वर्षांची पोरगी तुला म्हणणार. म्हणून क्रम ठरलेला आहे: सायकलने सगळ्यांना वाट द्यायची, आणि घोड्याला सगळ्यांनी. मागून जाताना वेग कमी करून लांबूनच ‘ऑन युअर लेफ्ट’ असा आवाज द्यायचा. घोडा दिसला तर थांबायचं आणि तोंडाने काहीतरी बोलायचं, म्हणजे मागे माणूस आहे हे त्याला कळतं. नि:शब्द सरकत येणारी सायकल घोड्याला आवडत नाही.

आणखी एक. वळणावर मागचं चाक घसरवत ब्रेक मारायची तुमची जी हौस असते, ती तिथे करू नकोस. वरचा बारीक थर उखडतो आणि पुढच्या पावसात तिथून ओहोळ फुटतो. तो परत बसवायला माणसं लागतात.

घाम काढायचाच असेल तर अराउंड माउंटन फेरा घे, साधारण अठरा किलोमीटर. सार्जंट डोंगराच्या कुशीतून वर चढतो, वरच्या टप्प्यावर झाडी विरळ होते आणि पश्चिमेला सोम्स साउंडची समुद्राची पट्टी दिसते. वाटेत धबधब्याजवळचे दगडी पूल येतात. खाली उतरून बघ, वरून कठडाच दिसतो. डे माउंटनही कर. कॅरेज रोडने थेट माथ्यावर पोचता येतं असा तो एकच डोंगर, उंची जेमतेम १७८ मीटर, पण रस्ता त्याला वेटोळे घालत चढतो. आणि सरासरीचं वेड असेलच तर पहाटे कॅडिलॅकचा डांबरी रस्ता आहे. सायकलला राखीव वेळ लागत नाही. पण तो मोटारींचा रस्ता आहे, पुढेमागे दिवे लावून जा.

*मोटारी नकोत असा निर्णय कोणी आणि कसा घेतला? एवढे रस्ते शंभर वर्षं टिकले कसे? आपलं माथेरानही वाहनमुक्त, तिथे का नाही असं होत? – एक वाचक, जळगाव*

गोष्ट मजेची आहे. स्टँडर्ड ऑइलवर अफाट पैसा कमावलेल्या जॉन डी. रॉकफेलर यांचा मुलगा, तोही जॉन डी. रॉकफेलर, धाकटा. त्याचं या बेटावर सील हार्बरला उन्हाळ्याचं घर होतं आणि त्याला बग्गी हाकायची आवड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटावर मोटारींना बंदी होती. १९१३मध्ये ती सुटायला लागली, १९१५पर्यंत सगळं बेट मोटारींना खुलं झालं. याच १९१३मध्ये धाकट्या रॉकफेलरने स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या खर्चाने घोड्यांपुरते रस्ते बांधायला घेतले आणि १९४०पर्यंत बांधत राहिला. बापाचं तेल जाळत मोटारी बेटावर आल्या, आणि त्याच पैशातून मुलाने त्यांना जागा न देणारे रस्ते बांधले. त्याला साधू समजू नका. पार्कातल्या मोटारींच्या रस्त्यालाही त्याने पैसा दिला. फक्त दोन्ही वेगळे ठेवले. ईगल लेकजवळ सरकारी रस्ता पुलावरून जातो आणि कॅरेज रोड त्या पुलाखालून. मोटार डोक्यावरून जाते, तुम्ही खालून.

सगळ्यांना हे पटलं होतं असंही नाही. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर जॉर्ज व्हार्टन पेपर यांनी १९२०च्या दशकात जोरदार विरोध केला: रानात रस्ताच नको, मग तो घोड्याचा का असेना. आज त्या रस्त्यांवरून फिरताना मला तो मुद्दा अगदीच मोडीत काढवत नाही. डोंगराच्या अंगावर कापलेली रेघ ती रेघच. पण नंतर काय काय येऊ शकलं असतं ते बघितलं की मी रॉकफेलरच्या बाजूला जाते.

टिकण्याचं कारण पाण्यात आहे. रस्ता साधारण पाच मीटर रुंद. खाली मोठे दगड, त्यावर लहान, वर बारीक खडी, असे तीन थर. मधला भाग पालथ्या परातीसारखा उंच, म्हणजे पाणी दोन्ही कडांना जातं, तिथे चर, आणि चरातून रस्त्याखालच्या मोऱ्यांत. घोड्याला ओढता येईल इतपतच चढ ठेवायचा म्हणून रस्ता डोंगराच्या उंचीला धरून वळत वळत नेला. त्याचा फायदा आज नाशिकच्या बाईंच्या गुडघ्याला. दरीच्या कडेला ओबडधोबड ग्रॅनाइटचे मोठे दगड ओळीने रोवले आहेत. लोक त्यांना ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. पूल सतरा, आतून लोखंड-काँक्रीटचे, बाहेरून बेटावरच्याच दगडाचे, आणि एकासारखा दुसरा नाही. कडेची झाडं कुठली लावायची हे बिअॅट्रिक्स फॅरंड या उद्यानरचनाकार बाईंनी ठरवलं. खोदकामाच्या जखमा स्थानिक झुडपांनी झाकायच्या आणि तळं दिसेल तिथे झाडी उघडी ठेवायची. आज वळणावर अचानक पाणी दिसतं तेव्हा त्यामागे त्या बाई असतात.

पण नुसतं बांधून टिकत नाही. रॉकफेलर १९६०मध्ये गेले. पुढे देखभाल ढिली पडली, गवत आत सरकलं, चर बुजले. १९९२ ते १९९५ या काळात सरकारी पैसा आणि ‘फ्रेंड्स ऑफ अकेडिया’ या संस्थेने जमवलेला पैसा मिळून सगळ्या रस्त्यांची डागडुजी झाली, आणि संस्थेने देखभालीसाठी कायमचा निधी बाजूला ठेवला. दर नोव्हेंबरात स्वयंसेवक येऊन चरांतली पानं ओढतात. मीही दंताळं धरलंय तिथे. ओली पानं चरातून काढली नाहीत तर मोरी तुंबते, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि खडी घेऊन जातं. काम अतिशय कंटाळवाणं, हात गारठतात, गरम सूप मिळतं.

आता माथेरान. मोटार दस्तुरी नाक्याला थांबते इथपर्यंत साम्य. पण माथेरान हे नांदतं गाव आहे. तिथे शाळा आहेत, आजारी माणसं आहेत, हॉटेलांची सिलिंडरं वर न्यावी लागतात, घोडेवाल्यांची पोटं आहेत. अकेडियाच्या कॅरेज रोडवर कुणाचं घर नाही. त्यामुळे ‘त्यांना जमतं, आपल्याला का नाही’ हे वाक्य इथे लागू पडत नाही. कोकणातल्या पावसात लाल मातीची जी धूप होते ती काय हे मेनमधल्या माणसाला सांगूनही कळणार नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी: पाण्याला वाट काढून दिली नाही तर रस्ता पाणीच घेऊन जातं.

*आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. मुलं पाच आणि नऊ वर्षांची. ऑक्टोबरात पानांचे रंग बघायला जायचंय. मुलांना सायकलने फिरवता येईल का? तळ्यात पोहता येतं ना? – एक वाचक*

पोहण्याचं आधी: ईगल लेक आणि जॉर्डन पाँड दोन्हींत पाय बुडवायलाही बंदी आहे. ते आसपासच्या गावांचं पिण्याचं पाणी आहे. मुलांना हे गाडीतच समजावून सांगा, काठावर नको. पोहायला बेटाच्या पश्चिम भागात एको लेक आहे, पण ऑक्टोबरात तिथलं पाणी तुम्हीच हात घालून बघा आणि ठरवा.

नऊ वर्षांचं मूल स्वतःची सायकल चालवेल, पाच वर्षांचं मागे जोडायच्या गाडीत बसवा. डक ब्रूक पुलापासून विच होल पाँडचा फेरा पाचेक किलोमीटरचा, तुम्हाला तोच योग्य. डक ब्रूकचा पूल १९२९चा, तीन कमानींचा, मुलांना खाली उतरायला पायऱ्या आहेत. वाटेत बीव्हरनी कुरतडलेली खोडं दिसतात. बीव्हर स्वतः दिसायला संध्याकाळ आणि गप्प बसणारी मुलं लागतात. मेनमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना सायकलवर हेल्मेट कायद्यानेच घालावं लागतं. तुम्हीही घाला, नाहीतर मोठा विचारणार.

रंगांचं म्हणाल तर ऑक्टोबरचा मधला आठवडा सहसा भरात असतो. आणि जो पिवळा रंग बघायला तुम्ही एवढं अंतर जाताय, तो एका आगीने दिलेला आहे. १९४७च्या ऑक्टोबरात बेटाचा पूर्व भाग जळाला, सतरा हजार एकरांवर. त्याआधी तिथे स्प्रूस आणि फरची काळीहिरवी झाडी जास्त होती. राखेतून बर्च आणि अॅस्पेन उगवले, ते पानगळीत पिवळे होतात. ईगल लेक, विच होल हा सगळा तोच पट्टा.

फुकट बससेवा ऑक्टोबरात लवकर आटोपते आणि सायकलवाली त्याच्याही आधी बंद होते, तेव्हा गाडीवर सायकलींचा रॅक लावून जा आणि सकाळी आठच्या आत वाहनतळ गाठा. प्रत्येक तिठ्याला लाकडी खांबावर आकडा असतो. नकाशावर तेच आकडे छापलेले असतात. कागदी नकाशा घ्या, फोनला सगळीकडे रेंज नसते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला आकडे शोधायचं काम द्या. रात्री अंघोळीच्या वेळी दोघांचे गुडघ्यामागचे आणि कानामागचे भाग तपासा. तिथे हरणांच्या अंगावरच्या बारीक गोचिडी असतात, त्यांच्यापासून लाइम रोग होतो. लांब मोजे, पँट मोज्यांच्या आत. फोटोत वाईट दिसतं, चालेल.

*जॉर्डन पाँड हाउसचा पॉपओव्हर म्हणजे काय? आम्ही शुद्ध शाकाहारी. – एक वाचक, सोलापूर*

मैदा, दूध आणि अंडी. अंड्यावरच तो फुगतो, तेव्हा तुमच्यासाठी नाही. खाणाऱ्यांसाठी सांगते: आतून पोकळ, बाहेरून कुरकुरीत, गरम आणतात, सोबत लोणी आणि स्ट्रॉबेरी जॅम. हिरवळीवर मेजं मांडलेली असतात आणि समोर तळ्यापलीकडे बबल्स नावाचे दोन गोल डोंगर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिथे ही पद्धत आहे. जुनी इमारत १९७९मध्ये जळली, आताची नंतर बांधलेली. मोसमात जागा आधी राखून ठेवा, नाहीतर सायकलीचे कपडे घालून तासभर उभं राहावं लागतं. तुम्ही चहा सांगा आणि डब्यातून दशम्या काढा, पण मेजावर नाही, तळ्याच्या काठावर. सांडलेले तुकडे उचलून घ्या, खारी मागे लागतात.